मूलपेशी प्रत्यारोपण आणि सुप्त विषाणू

दात्याच्या मूलपेशी देण्यापूर्वी तीव्र केमोथेरपीने, काही वेळा किरणोपचारानेही, रुग्णाची अस्थिमज्जा नष्ट केली जाते. नवी प्रतिकारशक्ती उभी राहायला अनेक महिने लागतात. या काळात शरीरात वर्षानुवर्षे सुप्त असलेले विषाणू डोके वर काढतात. सायटोमेगॅलोव्हायरस हा त्यांतला एक प्रमुख. त्याने फुप्फुसे गाठली, तर रुग्णाच्या जिवावर बेतते.

म्हणूनच पीसीआर चाचणीने रक्तातील विषाणूंचे प्रमाण नियमित मोजतात आणि ते वाढताच, लक्षणांची वाट न पाहता, गॅनसायक्लोविर सुरू करतात. मात्र हे औषध नव्याने रुजणाऱ्या अस्थिमज्जेलाही दाबते. लेटरमोविर या प्रतिबंधक औषधात हा दोष नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २४ आठवड्यांअखेर प्रतिबंध अपयशी ठरण्याचे प्रमाण औषधहीन गोळी घेणाऱ्यांत ६०.६ टक्के, तर लेटरमोविर घेणाऱ्यांत ३७.५ टक्के होते.

दुसरा मार्ग पेशींचा आहे. १९९२ मध्ये सिएटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्रातील संशोधकांनी या विषाणूला ओळखणाऱ्या दात्याच्या टी-पेशी प्रयोगशाळेत वाढवून रुग्णांना दिल्या. त्यांच्यात विषाणूविरुद्धची प्रतिकारशक्ती पुन्हा निर्माण झाली. त्रयस्थ निरोगी दात्यांच्या अशा पेशी आधीच गोठवून ठेवल्या, तर गरजू रुग्णाला त्या वेळेत मिळू शकतात. संशोधन आता त्या दिशेने चालू आहे.