डोळा उजवा की डावा? मोतीबिंदूच्या बिलाचा पहिला धडा

पुण्या-मुंबईत बसून अमेरिकेतल्या नेत्ररुग्णालयांची बिलं करणारे आपल्यात बरेच जण आहेत. म्हणून आज आपण मोतीबिंदूचं एकच बिल नीट उलगडून बघू.

बिलात दोन गोष्टी सांगायच्या असतात. आजार कुठला, हे आयसीडी-१० कोड सांगतो. उपचार कुठला, हे सीपीटी कोड सांगतो. वयामुळे होणारा न्यूक्लिअर मोतीबिंदू उजव्या डोळ्यात असेल तर एच२५.११, डाव्यात असेल तर एच२५.१२. शस्त्रक्रियेचा नेहमीचा कोड ६६९८४. पण त्यातून डोळा कळत नाही. म्हणून उजव्याला आरटी, डाव्याला एलटी हा मॉडिफायर जोडायचा. दोन्ही कोड जुळले नाहीत, की क्लेम परत येतो.

आता दुसरा डोळा. मेडिकेअरमध्ये या शस्त्रक्रियेला ९० दिवसांचा ग्लोबल पिरियड असतो. तेवढ्यात त्याच सर्जनने दुसरा डोळा केला, तर ७९ हा मॉडिफायरही लावायचा. ही शस्त्रक्रिया आधीच्या उपचाराचा भाग नाही, असा त्याचा अर्थ.

आणि दोन्हीकडे एकच चूक झाली तर? उजव्याऐवजी डावा लिहिला, तर क्लेम बिनबोभाट पास होईल. पण डोळ्यातलं मूळ भिंग एकदाच काढता येतं. पुढे खरोखर डावा डोळा केला, की तो क्लेम अडकेल आणि पेशंटच्या नोंदी चुकीच्या राहतील. चार्टमध्ये डोळा लिहिलेला नसेल, तर अंदाज नको, डॉक्टरांना विचारा.