दोन तुकड्यांचा कीबोर्ड आणि बाबांची घंटी

गेल्या दिवाळीत माझा भाचा बेंगळुरूहून आला. पाडव्याच्या सकाळी फराळाची ताटं मांडलेली असताना त्याने पिशवीतून एक वस्तू काढून टेबलावर ठेवली, मग तशीच दुसरी काढली. दोन पाट्या, दोन्हींवर बटणं, मध्ये एक काळी वायर. आमच्या सौ. धारवाडच्या. त्या चकल्यांचा डबा हातात घेऊन थबकल्या आणि म्हणाल्या, "मुरद होतेन्री?"

मोडलेलं काही नव्हतं. तो कीबोर्ड मुळातच दोन तुकड्यांचा होता. डावा डाव्या हातासाठी, उजवा उजव्यासाठी. भाच्याने तो स्वतःच्या हाताने डाग देऊन जोडला होता. मी कौतुकाने बघत होतो, पण खरं कुतूहल बाबांना. त्यांनी चष्मा पुसला, एकेक तुकडा उचलून तळहातावर तोलला, एक बटण दाबलं, पुन्हा दाबलं. "आवाज बरा आहे," म्हणाले. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाकडून ही मोठीच पावती.

कारण आवाजाचं बाबांना कळतं. टिळकवाडीत त्यांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. चौदा मशीन्स. रेमिंग्टन, हाल्डा, गोदरेज. इंग्रजी, मराठी आणि कन्नड, तिन्ही. पहाटे सहाला पहिली बॅच, आणि आमचं घर मागच्याच बाजूला, त्यामुळे लहानपणी मला गजराच्या घड्याळाची गरज कधी पडली नाही. "ए एस डी एफ जी एफ, सेमीकोलन एल के जे एच जे" हे मी पाढ्यांच्या आधी शिकलो. मनगट टेबलाला टेकलं की बाबांची पट्टी बसायची. मुलंमुली नोकरीच्या आशेने यायची, महाराष्ट्रात जाऊ पाहणारी मराठीची परीक्षा द्यायची, इथेच राहणारी कन्नडची. काही हुशार दोन्ही द्यायची. २००३ साली बाबांनी शटर ओढलं. गोदरेजने १९५५ साली आपल्या देशात बनलेला पहिला टाइपरायटर आणला होता, त्या कंपनीनेही २००९ मध्ये उत्पादन बंद केलं. त्या दिवशीची वर्तमानपत्रातली बातमी बाबांनी कापून ठेवली आहे.

एवढ्या मोठ्या टायपिंग मास्तरांचा मुलगा मी, आणि माझेच हात गेले! कॉलेजचे अहवाल, अंतर्गत गुण ऑनलाइन भरणे, प्रश्नपत्रिका, हे सगळं एकीकडे. दुसरीकडे बाबांच्या वह्या. निवृत्तीनंतर त्यांनी दोनशे पानी सात वह्या लिहून काढल्या आहेत. जुनं बेळगाव, गल्लीतली माणसं, इन्स्टिट्यूटमधले विद्यार्थी. मध्येच एखादा परिच्छेद सरळ कन्नडमध्ये, कारण तो माणूस कन्नडमध्ये बोलला होता. त्या टाइप करून, त्यांच्या डोळ्यांदेखत पुस्तक करायचं असं मी ठरवलं होतं. तीन वह्या झाल्या आणि रात्री उजवा अंगठा व शेजारची दोन बोटं बधिर होऊ लागली. डॉक्टरांनी मनगटाला पट्टा दिला, सहा आठवडे टायपिंग बंद सांगितलं. बाबा काही बोलले नाहीत. फक्त चौथी वही माझ्या टेबलावरून उचलून त्यांच्या कपाटात ठेवली. ते मला फार लागलं.

भाच्याने हे त्याच्या आईकडून ऐकलं होतं. म्हणून ती दोन तुकड्यांची भेट.

वाचकहो, तुम्ही आत्ता समोर हात धरून बघा. कोपरं अंगाशी ठेवून दोन्ही तळवे टेबलावर जवळजवळ आणा. मनगटं बाहेरच्या बाजूला वळतात की नाही? साधा कीबोर्ड रोज तासन्‌तास हेच करायला लावतो. दोन तुकडे खांद्यांच्या रुंदीइतके लांब ठेवले की हात सरळ राहतात. इतकी साधी गोष्ट! बटणांच्या तिरक्या रांगा तर त्याहून जुन्या. १८७४ साली अमेरिकेत रेमिंग्टन कंपनीने शोल्सचं यंत्र विकायला काढलं, त्यात प्रत्येक बटणाखाली एक दांडी होती. दांड्या एकमेकींना अडू नयेत म्हणून रांगा सरकवल्या. दांड्या केव्हाच गेल्या, रांगा अजून तिरक्याच आहेत.

हे लोकांना कळलं नव्हतं असं नाही. १९७२ मध्ये क्रोमर नावाच्या संशोधकाने दुभागलेल्या कीबोर्डावर निबंध लिहिला. त्याच दशकात इंग्लंडमध्ये लिलियन माल्ट या टायपिंग शिकवणाऱ्या बाईंनी स्टीफन हॉबडे यांच्याबरोबर 'माल्ट्रॉन' केला. (टायपिंगच्या बाई म्हटल्यावर बाबा खुर्चीत सरसावून बसले.) मग १९९२ मध्ये किनेसिस, १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टचा मधून फाकलेला 'नॅचरल'. तरीही दुकानात गेलात तर सरळ पट्टीच मिळेल. ती स्वस्त पडते आणि सगळ्यांना सवय आहे.

हौशी लोकांनी मग स्वतःच करायला घेतलं. भाच्याने सांगितलेल्या गोष्टींपैकी मला सर्वांत आवडली ती जेसी व्हिन्सेंट आणि काया डेकर या अमेरिकेतल्या जोडप्याची. जेसी हा सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस. मनगटांच्या तक्रारीमुळे तो स्वतःसाठी कीबोर्ड बनवायला बसला. एक केला, दुसरा केला, असं करत 'कीबोर्डिओ' नावाची कंपनीच झाली. २०१५ च्या उन्हाळ्यात त्यांनी 'मॉडेल ०१' बाजारात आणायची घोषणा केली. बाजारात म्हणजे काय, तर आधी लोकांनी पैसे द्यायचे, मग वस्तू बनणार. मेपलच्या लाकडाचे दोन भाग, फुलपाखराच्या पंखांसारखे, आणि ६४ बटणं. तीनशे डॉलरच्या घरात किंमत. तरी लोकांनी साडेसहा लाख डॉलरच्या आसपास जमा करून दिले. नमुना घेऊन नवराबायको गाडीने देशभर फिरले, लोकांना म्हणाले, हात लावून बघा.

पुढचं ऐकून मला आमच्या ओळखीतल्या कितीतरी कारखानदारांची आठवण झाली. त्यांनी प्रत्येक बटणाचा आकार वेगळा ठेवला होता, त्यामुळे साचे वेगळे. बटणांना रंग द्यायचा, त्यावर लेझरने अक्षर कोरायचं, तिथे अडलं. लाकूड हवेप्रमाणे फुगतं, आकसतं. २०१६ मध्ये द्यायचा माल २०१७ च्या अखेरीला निघू लागला. चीनमधल्या कारखान्याशी दुवा म्हणून जी व्यक्ती होती तिने फसवल्याचंही पुढे उघड झालं. पण हे सगळं ते पैसे दिलेल्यांना पत्रांतून सविस्तर कळवत राहिले, काय चुकलं, कुठे चुकलं. आणि खोक्यात कीबोर्डाबरोबर स्क्रू-ड्रायव्हर ठेवला. उघडा, बघा, हवं तसं बदला! बाबांना हे फार पटलं. त्यांच्या इन्स्टिट्यूटमध्ये रिबन बदलता आल्याशिवाय परीक्षेचा फॉर्म भरायला मिळायचा नाही.

आता भाच्याचा उद्योग. त्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी असे बारा कीबोर्ड करून ओळखीत द्यायचं ठरवलं. आधी ते एका जपानी हौशी माणसाचा फुकट उपलब्ध असलेला आराखडा वापरत होते, 'कॉर्न' नावाचा, अवघी ४२ बटणं. मी त्यावर मराठी टाइप करायला बसलो आणि पहिल्याच पानावर 'खडेबाजार' लिहिता येईना. 'ड' कुठे आहे? 'कृष्णा'मधला 'कृ' कुठे आहे? नव्हतेच. इंग्रजीला सव्वीस अक्षरं, ४२ बटणं पुष्कळ झाली. आपली अक्षरं उजवीकडे पार चौकटी कंसाच्या आणि बरोबरच्या चिन्हाच्या बटणांपर्यंत पसरलेली, आणि ती बटणं या आराखड्यात गाळलेली.

इथे इन्स्क्रिप्टबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. सरकारने १९८६ मध्ये भारतीय लिप्यांसाठी ही मांडणी आणली आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानकात गेली. तिची खुबी अशी की, 'क' ज्या बटणावर मराठीत आहे त्याच बटणावर कन्नडमध्येही आहे. 'ग' तिथेच, 'त' तिथेच. आपल्या दोन्ही भाषांचा लाडका 'ळ' देखील दोन्हीकडे एकाच जागी. एक भाषा बोटांना आली की दुसरी आपोआप येते. कर्नाटकात सरकारी कामाला नुडी आणि के. पी. राव यांची मांडणी चालते हे खरं, पण आमच्यासारख्या दुभाषी घराला इन्स्क्रिप्ट फार सोयीचं. दुसरी खुबी म्हणजे स्वर व मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. म्हणजे ही मांडणी जणू दोन तुकड्यांच्या कीबोर्डासाठीच केली! 'म', 'न', 'व' तेवढे खालच्या रांगेत डावीकडे घुसले आहेत, पण कुठल्या घरात पाहुणे नसतात?

एक अडचण मात्र सौ.नी दाखवली. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ए वेगळे. 'बेळे' लिहायचं तर पहिला दीर्घ, दुसरा ऱ्हस्व. दीर्घ ए मधल्या रांगेत हाताशी, आणि ऱ्हस्व ए, जो शब्दाशब्दाला लागतो, तो खाली कोपऱ्यात डाव्या करंगळीच्या वाट्याला. "नमगू विचार माडबेकु," त्या भाच्याला म्हणाल्या. त्याने केला. या कीबोर्डात प्रत्येक बटणाने काय पाठवायचं ते आपण ठरवू शकतो. त्याने ऱ्हस्व ए डाव्या अंगठ्याला दिला. साध्या कीबोर्डात दोन्ही अंगठे मिळून एक स्पेसबार दाबतात, इथे त्यांना खरं काम मिळालं. उजव्या तुकड्यात एक उभी ओळ वाढवली, तिथे 'ड' आणि मंडळी बसली.

आराखडा बदलला म्हणजे धातूची पट्टी नवी. बटणाखालचे स्विच तिच्यातल्या चौकोनी भोकांत बसतात. भोक १४ मिलिमीटर, त्याहून सैल चालत नाही. उद्यमबागमधल्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये लेझरने कापून घेतल्या. घरी आणून बघतो तर स्विच खुळखुळतायत. चूक भाच्याचीच. लेझरचा झोत स्वतःही थोडा धातू खातो, तेवढं माप आराखड्यात कमी धरायचं असतं. ते राहिलं. चोवीस पट्ट्या भंगारात. पोरगा त्या रात्री जेवला नाही. बाबांनी त्याला एवढंच विचारलं, "पुन्हा कापायला किती लागतील?" आणि सकाळी पैसे दिले.

जानेवारीतल्या एका रविवारी आमच्या दिवाणखान्यात तो 'लोकार्पण सोहळा' झाला. नारळ सौ.नी फोडला, कुंदा मी आणला. गिऱ्हाइकांत शहापूरचे एक डीटीपीवाले, खानापूरच्या एक कन्नडच्या शिक्षिका, बाकी भाच्याचे मित्र. एका नगाला साडेनऊ हजार रुपये खर्च आला होता, त्याच भावाने दिले. डीटीपीवाले म्हणाले, "चारशे रुपयांत कीबोर्ड येतो की हो!" तरी घेऊन गेले. पंधरा दिवसांनी त्यांनी चालू असताना मधली वायर उपटली आणि एक तुकडा मुका झाला. ही वायर वीज चालू असताना काढायची नसते, कारण खाच सरकताना तारा क्षणभर एकमेकींना चिकटतात. भाच्याने दुरुस्त करून दिला, आणि आता प्रत्येकाला तळाशी तांबड्या शाईची चिठ्ठी चिकटवली आहे.

माझं म्हणाल तर पहिले दोन आठवडे मी पहिलीतल्या मुलासारखा शोधत होतो. वेग निम्म्याहून खाली. महिन्याभरात सूर लागला. रात्रीचा बधिरपणा कमी झाला आहे. त्यात पट्ट्याचा आणि विश्रांतीचा वाटा किती आणि कीबोर्डाचा किती, हे डॉक्टरही सांगत नाहीत. कुणाला दुखत असेल तर आधी डॉक्टरांकडेच जावं, कीबोर्ड नंतर. पण चौथी वही कपाटातून परत टेबलावर आली. बाबांनीच आणून ठेवली.

बाबांनी स्वतः मात्र त्यावर फार टाइप केलं नाही. त्यांची बोटं रेमिंग्टनच्या मांडणीत मुरलेली. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, हे त्यांच्या रक्तात आहे, आणि कॉम्प्युटरला ती नंतर हवी. चार ओळी झाल्यावर ते थांबले. भाच्याला म्हणाले, "सगळं ठीक आहे, पण ओळ संपल्याची घंटी कुठाय?"

भाच्याने समजावलं की कीबोर्डाला ओळ कुठे संपते ते कळतच नाही, तो फक्त कुठलं बटण दाबलं एवढं सांगतो. पण पुढच्या खेपेला तो एक नखाएवढा बझर घेऊन आला, आतल्या चिपला जोडला आणि साठ बटणं मोजून झाली की वाजेल असं केलं. बाबांनी टाइप केलं. टिंग झालं. बाबांनी मान हलवली. "चूक. घंटी ओळ संपल्यावर नाही वाजत, संपायच्या आधी वाजते, पाच-सहा घरं बाकी असताना. आणि तू मात्रा कशाला मोजल्यास? मात्रेला कॅरेज सरकतं का? ती डेड की असते."

आता दर शनिवारी संध्याकाळी फोनवर आजोबा-नातवाची यादी चालू आहे. काना सरकतो, उकार सरकत नाही, अनुस्वार सरकत नाही. कन्नडची यादी वेगळी, तिच्यासाठी सौ.नाही बोलावणं जातं. परवा रफारावरून दोघांचं वाजलं. मी शेजारी बसून चौथ्या वहीचं अकरावं पान टाइप करत होतो.