व्हॉल्व्ह दुरुस्त करावा की बदलावा?

नागपूरच्या पश्चिमेला अमरावती मार्गावर वसलेल्या वाडीत मालवाहतुकीची गोदामे आहेत, लगतच १९६६ साली उभी राहिलेली अंबाझरीची आयुध निर्माणी आणि हिंगण्याची औद्योगिक वसाहत आहे, तर शहराच्या उत्तरेला कोराडी व खापरखेडा ही महानिर्मितीची औष्णिक वीजकेंद्रे आहेत. अशा कारखान्यांत आणि केंद्रांत पाणी, वाफ, हवा व तेल यांचा प्रवाह सोडण्याचे, अडवण्याचे किंवा कमीजास्त करण्याचे काम व्हॉल्व्ह करतो. त्याचा एखादा भाग खराब झाला की तो दुरुस्त करावा की बदलावा, हा प्रश्न वरवर खर्चाचा वाटला, तरी मुळात तो सुरक्षिततेचा असल्याने त्याचे उत्तर दरपत्रकाआधी मोजमापातून मिळवावे लागते.

व्हॉल्व्हचे भाग दोन प्रकारचे असतात. बॉडी आणि तिच्यावरचे झाकण, म्हणजे बॉनेट, आतला दाब पेलतात. तर सीट, तिच्यावर टेकून प्रवाह अडवणारी डिस्क, डिस्क वरखाली करणारा दांडा म्हणजे स्पिंडल, आणि स्पिंडलभोवतीची गळती रोखणारे ग्लँड पॅकिंग हे भाग वापरात झिजतात. झिजणे हा या दुसऱ्या प्रकारच्या भागांचा धर्मच आहे. पहिल्या प्रकारच्या भागांना मात्र इजा झाली, तर ती धोक्याची सूचना मानली पाहिजे.

दुरुस्तीला सर्वांत जास्त वाव सीट आणि डिस्कमध्ये असतो. व्हॉल्व्ह पूर्ण बंद न होता किंचित फट राहिली, तर उच्च दाबाची वाफ त्या फटीतून प्रचंड वेगाने निसटते आणि धातूवर तारेने ओढल्यासारखी बारीक खाच पाडते. तिला कामगार ‘वायर ड्रॉइंग’ म्हणतात. खाच उथळ असेल, तर आधी जाड व मग बारीक कणांची पेस्ट लावून पृष्ठभाग घासतात, या कामाला लॅपिंग म्हणतात. त्यानंतर एका पृष्ठभागावर निळ्या रंगाचा पातळ थर देऊन दोन्ही भाग एकमेकांवर टेकवले जातात आणि उमटलेले वर्तुळ कुठेही न तुटता सलग आले, तरच काम जमले असे समजतात. वाफेच्या अनेक व्हॉल्व्हमध्ये या पृष्ठभागांवर स्टेलाइट या कोबाल्ट-क्रोमियमच्या कठीण मिश्रधातूचा थर असतो. खाच त्या थराच्या पार गेली असेल, तर नुसते घासून भागत नाही. नवा थर वेल्डिंगने चढवावा लागतो किंवा भागच बदलावा लागतो. शिवाय प्रत्येक लॅपिंगमध्ये थोडा धातू कमी होत असल्याने निर्मात्याने ठरवलेली मर्यादा ओलांडता येत नाही.

वाकलेला किंवा आटे झिजलेला स्पिंडल सरळ करून पुन्हा बसवण्यात शहाणपण नाही, कारण तो पॅकिंग खातो आणि ऐन गरजेच्या वेळी अडकतो. पॅकिंग व गास्केट तर व्हॉल्व्ह उघडला की नवेच घालावेत.

बॉडीला तडा असल्याची शंका आली, तर लाल रंगद्रव लावून तो पुसतात व वर पांढरी भुकटी फवारतात. तडा असेल तिथे लाल रेष उमटते. बिडाच्या बॉडीचे वेल्डिंग भरवशाचे होत नसल्याने ती बदलणेच योग्य असते. मिश्रपोलादाच्या बॉडीचे वेल्डिंग होऊ शकते, पण त्यासाठी आधी व नंतर ठरावीक तापमानाची उष्णताप्रक्रिया आणि पात्र वेल्डर लागतो. बॉयलरशी जोडलेल्या भागांची दुरुस्ती कारखान्याच्या मर्जीवर सोडलेली नाही. १९२३ च्या कायद्याची जागा घेणारा बॉयलर कायदा २०२५ साली आला, तरी तपासणी व मान्यतेचे बंधन कायम आहे.

खर्चाचा विचार यानंतर करावा. लहान व्हॉल्व्हची दुरुस्ती मजुरीसह नव्याच्या किमतीला भिडते, म्हणून तो बदललेलाच बरा. याउलट कोराडीच्या ६६० मेगावॅटच्या संचांत वाफेचा दाब पाण्याच्या क्रांतिक बिंदूच्या, म्हणजे सुमारे २२१ बारच्या, पलीकडे असतो. अशा वाहिनीत वेल्डिंगने जोडलेला मोठा व्हॉल्व्ह कापून नवा बसवणे हेच मोठे काम असल्याने यंत्र जागेवर नेऊन सीट घासली जाते. नवा भाग यायला किती दिवस लागतील आणि तोवर उत्पादन किती बंद राहील, हेही हिशेबात धरावे लागते.

दुरुस्ती झाली तरी परीक्षा उरतेच. प्रचलित पद्धतीनुसार बॉडीची पाण्याने चाचणी मान्य दाबाच्या दीडपट, तर सीटची १.१ पट दाबावर घेतली जाते. झिजणारा भाग मर्यादेत असेल तर दुरुस्त करावा, दाब पेलणाऱ्या भागाविषयी शंका उरली तर तो बदलावा, आणि चाचणीत न उतरलेला व्हॉल्व्ह कितीही घाई असली तरी वाहिनीवर चढवू नये.