पगारपत्रक नसलेली माणसे

शिवणयंत्रावर वीस वर्षे संसार चालविणारी बाई दुसऱ्या यंत्रासाठी कर्ज मागावयास बँकेत गेली, की तिला पहिला प्रश्न होतो तो पगारपत्रकाचा. पगार देणारा तिला कोणी नाही. आपल्या धंद्याची मालकीणही तीच आणि नोकरही तीच. भाड्याची खोली पाहावयास जावे, तर घरमालकही तेच विचारतो. सुतार, छायाचित्रकार, घरी शिकवण्या घेणारे शिक्षक यांचाही अनुभव याहून निराळा नाही.

ही अडचण जुनीच आहे. इला भट्ट यांनी १९७२ साली अहमदाबादेत ‘सेवा’ ही स्वयंरोजगारी स्त्रियांची संघटना उभारली, तेव्हा ज्यांना मालकच नाही त्यांची कामगार संघटना व्हावी कशी, अशी शंका सरकारी कचेरीत निघाली होती. पुढे १९७४ साली सुमारे चार हजार स्त्रियांनी प्रत्येकी दहा रुपये घालून स्वतःची सहकारी बँक काढली. त्यांतील पुष्कळजणींना सही येत नसे, म्हणून छायाचित्रावरून ओळख पटविण्याची रीत तेथे पडली. भाजी विकणाऱ्या आणि हातगाडी ओढणाऱ्या बायकांनाही पत असते, ही गोष्ट त्या बँकेने व्यवहारात दाखवून दिली.

मग आज बँक पाहते काय? बहुधा मागील दोनतीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, खात्याचे उतारे आणि पूर्वीच्या कर्जाची फेड. पैकी पहिल्या गोष्टीत बहुतेकांचे पाऊल चुकते. लहान धंदेवाल्यांना उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेमार्फत आलेल्या रकमेवर ६ टक्के, इतका नफा धरून विवरणपत्र भरण्याची सवलत कायद्याने दिली आहे. ही खालची मर्यादा आहे. प्रत्यक्ष नफा अधिक असेल तर तो अधिकच दाखवावयाचा असतो. पण सोय म्हणून सारे ८ टक्क्यांवरच थांबतात. समजा, कापडविक्री व शिवणकाम मिळून वर्षाची रोख उलाढाल १२ लाखांची आहे. ८ टक्क्यांनी नफा झाला ९६ हजार, म्हणजे महिना ८ हजार. बाईच्या हाती प्रत्यक्षात महिन्याला ३० हजार उरत असले, तरी बँक ८ हजारांवरच हप्ता बेतणार. तिला दोष कसा द्यावा? तो आकडा आपणच लिहून दिलेला! बरे, त्यात कर तरी वाचतो काय? २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर कर द्यावा लागत नाही. तेव्हा ३ लाख ६० हजार खरे लिहिले असते, तरी एक पैसा अधिक गेला नसता.

लहान रकमेसाठी २०१५ साली सुरू झालेली मुद्रा योजना आहे. तीत तारण द्यावे लागत नाही. ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंत, ‘किशोर’ गटात ५ लाखांपर्यंत, ‘तरुण’ गटात १० लाखांपर्यंत कर्ज मिळते. आणि ते नीट फेडणाऱ्यास २०२४ पासून २० लाखांपर्यंतची वाट मोकळी झाली आहे. म्हणूनच पहिले कर्ज लहान घ्यावे व वेळेवर फेडावे. फेडीची नोंद पतमाहिती कंपन्यांकडे राहते आणि तीवरून ३०० ते ९०० पर्यंतचा पतांक ठरतो. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा आपला अहवाल फुकट मागविता येतो. अर्ज करण्यापूर्वी तो पाहून घ्यावा. कधीकधी फिटलेले कर्जही त्यात थकलेले दिसते.

घराचे निराळे. तेथे नियमांपेक्षा घरमालकाच्या मनाची खात्री महत्त्वाची. विवरणपत्रे, खात्याचा उतारा आणि मागील घरमालकाची भाडे वेळेवर मिळत असल्याची चिठ्ठी, इतके कागद आपण होऊन पुढे ठेवले, तर पुष्कळदा काम भागते. अनामत मात्र पाहून द्यावी. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेऊ नये असे आहे. पण तो आराखडा आहे, आणि ज्या राज्याने तसा कायदा केला तेथेच तो लागू पडतो. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याने राहण्याच्या परवान्याचा करार लेखी व नोंदलेला असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी नसली, तर वादात भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरतात. शिवाय नोंदलेला करार आणि खात्यातून दरमहा गेलेले भाडे हे दोन कागद पुढे बँकेच्या टेबलावरही उपयोगी पडतात.