मेटफॉर्मिन: गोळी, ताट आणि वय

मेटफॉर्मिनचे मूळ युरोपातल्या गॅलेगा या जांभळट फुलांच्या वनस्पतीतील रसायनापर्यंत पोचते. १९५७ मध्ये फ्रेंच डॉक्टर ज्याँ स्टर्न यांनी मधुमेहींवरील मेटफॉर्मिनच्या वापराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ही गोळी मुख्यतः यकृतात तयार होणाऱ्या साखरेला लगाम घालते. पेशीतील ऊर्जेचा हिशेब ठेवणारे ‘एएमपीके’ हे विकर ती जागे करते; कमी खाण्यानेही तेच घडते. वार्धक्याचे अभ्यासक तिच्याकडे वळले ते यामुळे. मात्र तिने निरोगी माणसाचे आयुष्य वाढते, हे अजून सिद्ध झालेले नाही.

मधुमेह टाळण्यात मात्र ताटाची ताकद अधिक पक्की आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३,२३४ जणांवरच्या अमेरिकी चाचणीत मेटफॉर्मिनने मधुमेहाचा धोका ३१ टक्क्यांनी घटला. आहार आणि व्यायामाने ५८ टक्क्यांनी. साठीपुढच्यांत तर ७१ टक्क्यांनी! चेन्नईच्या २००६ मधील अभ्यासात गोळी आणि जीवनशैली जवळपास बरोबरीत राहिल्या; दोन्ही एकत्र करूनही जास्तीचा लाभ दिसला नाही.

दीर्घकाळ ही गोळी घेणाऱ्यांत ब-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते. शाकाहारी आजी-आजोबांना हा धोका अधिक, तरी तपासणी राहून जाते आणि या कमतरतेने पायांना येणाऱ्या मुंग्या ‘साखरेच्याच’ म्हणून सोडून दिल्या जातात.