रॉकेटच्या इंधनाकडून सरकारी फायलीकडे

विक्रम साराभाईंच्या आग्रहावरून वसंत गोवारीकर १९६७ साली केरळमधल्या थुंब्याच्या रॉकेट केंद्रावर आले. रॉकेटचे घन इंधन देशातच तयार करणे हे त्यांचे काम. पुढे ते विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक झाले. इथे थांबले असते, तरी कारकीर्द मोठीच ठरली असती. पण १९८६ मध्ये ते केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचे सचिव झाले. मान्सूनच्या अंदाजाचे सोळा घटकांवरचे प्रारूप त्याच काळातले. नंतर ते पंतप्रधानांचे वैज्ञानिक सल्लागारही होते.

त्या काळी सरकारी धोरणाकडे नेणारा हा रस्ता प्रयोगशाळेतूनच जायचा. आता त्याला कायद्याचे आणि अर्थशास्त्राचेही फाटे फुटलेत.

खासगी कंपन्यांना अंतराळाचे दार उघडले ते २०२० मध्ये. त्यांना परवानगी देणाऱ्या ‘इन-स्पेस’ या सरकारी संस्थेचे मुख्यालय अहमदाबादेत आहे. २०२३ मध्ये भारतीय अंतराळ धोरण आले, २०२४ मध्ये परकीय गुंतवणुकीचे नियम सैल झाले. पण अशा कंपनीचा उपग्रह दुसऱ्याच्या उपग्रहावर आदळला तर भरपाई कोणी द्यायची? १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जबाबदारी देशावर येते, कंपनी खासगी असली तरी. मग तिच्याकडून विमा किती घ्यायचा, हा प्रश्न अभियंत्याइतकाच वकिलाचा आणि अर्थतज्ज्ञाचा. कायदा शिकणाऱ्या मुलांना हे कुणी फारसे सांगत नाही, एवढेच.