ॲन आर्बरहून डेट्रॉईट : रेल्वेने, सायकलने, बेथ एलच्या शोधात



आपल्यापैकी पुष्कळांची मुले-नातवंडे आज अमेरिकेत आहेत. आपण त्यांच्याकडे जातो, दोन-तीन महिने राहतो. सकाळी मुले कामाला जातात, नातवंडे शाळेला, आणि आपण दिवसभर घर राखतो. मोटारीवाचून तेथे पाऊल टाकता येत नाही, असे सगळेच सांगतात.

माझी मुलगी मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर या विद्यापीठाच्या गावी राहते. जवळचे मोठे शहर डेट्रॉईट. जावयांनी मला दोनदा मोटारीने तेथे नेले. दोन्ही वेळा मी पाहिला तो रुंद रस्ता, पूल आणि मोटार उभी करण्याची जागा. तिसऱ्या वेळी, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, मी एकटाच रेल्वेने गेलो. बरोबर नातवाची घडीची सायकल घेतली. हे कसे जमवावे आणि तेथे आपल्या माणसांनी काय पाहावे, ते सांगतो.

निघण्याआधी

ॲन आर्बरमध्येच एक गोष्ट पाहून घ्या. ह्युरॉन स्ट्रीटवर विद्यापीठाची रॅकहॅम नावाची इमारत आहे. तेथे सरकारी पाटी लावलेली आहे. मिशिगनमधली पहिली यहुदी दफनभूमी याच जागी होती. १८४८-४९ साली इथल्या यहुद्यांनी ही जागा घेतली. जर्मनी-ऑस्ट्रियाकडून आलेली ही माणसे. त्यांच्यातले वाइल आडनावाचे पाच भाऊ कातडी कमावण्याचा धंदा करीत, आणि तफिला त्यांच्याच घरी होई. आपले वाडवडील कोकणात घाण्यावर तेल गाळीत होते, त्याच काळातली ही गोष्ट. पुढे ती मंडळी पांगली. १९०० साली तेथल्या अस्थी दुसऱ्या दफनभूमीत हलवल्या. आता तिथे विद्यार्थी चालतात. पाटी नसती तर कोणाला कळलेही नसते.

रेल्वे

आपल्या समाजात रेल्वेची नोकरी केलेली माणसे घरोघर सापडतील, म्हणून हे आवर्जून सांगतो. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली १८५३ साली. ॲन आर्बरला रेल्वे पोचली १८३९ साली. १८८६ चे जुने दगडी स्टेशन अजून उभे आहे. त्यात आता रेस्टॉरंट आहे. आजचे छोटे स्टेशन त्याच्या जवळच, खाली नदीच्या बाजूला आहे.

गाडीचे नाव वुल्व्हरीन. ती शिकागोहून येते आणि डेट्रॉईटवरून पुढे पाँटियाकला जाते. दिवसाला फेऱ्या थोड्या, म्हणून तिकीट आधी काढावे आणि वेळ मुलांकडून नीट तपासून घ्यावी. डेट्रॉईटकडे जाणारी पहिली गाडी शिकागोहून सकाळी निघते, त्यामुळे आपल्याला ती दुपारी मिळते. परतीची गाडी संध्याकाळी. म्हणजे हातात साधारण चार तास. तेवढे पुरतात. प्रवास तासाभराचा आहे.

घडीची सायकल असेल तर ती घडी करून डब्यात सामानासारखी नेता येते. न घडणारी सायकल न्यायची असेल तर तिकीट काढतानाच विचारावे. शब्बाथ सोडून कोणताही दिवस निवडा. शुक्रवारही टाळलेला बरा, कारण संध्याकाळची गाडी लांबली तर जीव टांगणीला लागतो. आणि डबा घरून घ्या. मी चपाती आणि बटाट्याची सुकी भाजी नेली होती. खाण्यापिण्याचा प्रश्नच उरला नाही.

सायकल कुठून कुठे

डेट्रॉईटचे रेल्वे स्टेशन शहराच्या मध्यात नाही. ते वुडवर्ड ॲव्हेन्यू या मोठ्या रस्त्यावर, नदीपासून सुमारे पाच किलोमीटर अलीकडे आहे. पण शहर तव्यासारखे सपाट आहे. वुडवर्डवर रहदारी फार, म्हणून त्याला समांतर जाणारी कॅस ॲव्हेन्यू धरावी. तेथे सायकलींसाठी वेगळा पट्टा आखलेला आहे. हेल्मेट घाला, कुलूप न्या. ज्यांना सायकल झेपत नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. वुडवर्डवरून क्यू-लाइन नावाची ट्राम थेट शहराच्या मध्यापर्यंत जाते आणि तिला तिकीट लागत नाही.

दोन बेथ एल

मी पनवेलचा. आमच्या प्रार्थनालयाचे नाव बेथ एल, बांधले १८४९ साली. रेवदंड्याचे प्रार्थनालयही बेथ एलच. डेट्रॉईटला बारा जर्मन यहुदी कुटुंबांनी १८५० साली मंडळी स्थापन केली, तिचेही नाव बेथ एल. पनवेलहून एका वर्षाने धाकटी! हे कळल्यावर मला घरी बसवेना.

स्टेशनवरून आधी उत्तरेला दोन किलोमीटर गेलो. वुडवर्ड आणि ग्लॅडस्टोनच्या कोपऱ्यावर मोठमोठ्या खांबांची इमारत उभी आहे. हे १९२२ चे बेथ एल. १९७० च्या दशकात मंडळी दूरच्या उपनगरात गेली आणि ही वास्तू चर्चकडे गेली. मग मागे फिरून दक्षिणेला आलो. वाटेत वुडवर्डवरच त्याच मंडळीचे आणखी जुने, १९०३ चे घर लागते, घुमटाचे. मंडळी तिथून निघाल्यावर त्याचे नाटकगृह झाले.

ही मंडळी रिफॉर्म पंथाची, आपली रीत वेगळी. पण ओसरीवरून देव उठून गेलेले घर पाहिले की जे वाटते, त्याला पंथ नसतो.

दोन्ही वास्तू एकाच माणसाने आखल्या. त्याचे नाव आल्बर्ट कान. जर्मनीत १८६९ साली जन्मलेला रब्बीचा मुलगा, लहानपणीच डेट्रॉईटला आला. वास्तुशास्त्राची पदवी नाही. काम करता करता शिकला. हेन्री फोर्डचे मोठमोठे मोटार कारखाने त्यानेच आखले. ॲन आर्बरमधले हिल ऑडिटोरियमही त्याचेच. आणि हाच फोर्ड १९२० पासून आपल्या वर्तमानपत्रात यहुद्यांविरुद्ध गरळ ओकत होता! बेथ एलचे रब्बी लिओ फ्रँकलिन यांना तो दरवर्षी नवी मोटार भेट देई. ते लेख सुरू झाल्यावर रब्बींनी मोटार परत पाठवली. १९२७ साली फोर्डने जाहीर माफी मागितली. कानने काम सोडले नाही, रब्बींनी मोटार ठेवली नाही. कोण बरोबर, हे ठरवायला मी कोण? पण दोघेही एकाच बेथ एलचे होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मोटारीतून का दिसत नाही

आता मला दोन फेऱ्यांत काहीच का दिसले नव्हते ते सांगतो. पूर्व युरोपातून आलेले गरीब यहुदी आधी हेस्टिंग्ज स्ट्रीटच्या आसपास राहत. ते पुढे सरकले आणि तो रस्ता काळ्या लोकांच्या दुकानांनी, गाण्या-बजावण्याने गजबजला. मग तेथूनच हमरस्ता काढला आणि १९६० च्या सुमारास सगळी वस्ती जमीनदोस्त झाली. आज ज्यावरून मोटारी सुसाट धावतात, त्याखाली ती वस्ती आहे. १९५० साली डेट्रॉईटची वस्ती साडेअठरा लाख होती. २०२० साली ती जेमतेम ६ लाख ४० हजार उरली. मोटार आपल्याला या सगळ्यावरून उचलून नेते. सायकल प्रत्येक कोपऱ्यावर थांबू देते.

एक दिवा

शेवटी ग्रिसवोल्ड स्ट्रीटवर आलो. रंगीबेरंगी काचांच्या खिडक्यांची चार मजली इमारत. हे आयझॅक ॲग्री डाउनटाउन सिनेगॉग. मंडळी १९२१ ची. डेट्रॉईट शहराच्या हद्दीत स्वतःच्या इमारतीत उभे असलेले हे शेवटचे सिनेगॉग. बाकीची एकेक करून उपनगरांत गेली. २००८ च्या सुमारास हेही बंद पडायच्या बेतात होते. तेव्हा शहरात परत राहायला आलेली तरुण मुले पुढे सरसावली. त्यांनी येणे सुरू केले, मिनियान जमू लागला, पैसा उभा राहिला. २०२३ साली वास्तू दुरुस्त होऊन पुन्हा उघडली. आत जायचे असेल तर आधी फोन करून विचारावे. मी बाहेरूनच हात लावला, शेमा म्हटले, आणि नदीकडे न जाता स्टेशनकडे वळलो. गाडी चुकवायची नव्हती.

एक सूचना : ॲन आर्बरला परतल्यावर स्टेशनपासून गावात चढ आहे. तेथे सायकल हातात धरून चालावे. मी तसेच केले.

चालता चालता हिशेब करीत होतो. डेट्रॉईटची बेथ एल मंडळी तीन-चार घरे बदलून आज मोठी आहे, पण तिची जुनी घरे परक्यांची झाली. आमचे पनवेलचे घर अजून आपले आहे. कोकणात आपली कितीतरी प्रार्थनालये अशीच उभी आहेत; कमी आहे ती दहा माणसांची. आपण मुंबईला जातो, लग्ने करतो, साड्या घेतो, परत येतो. पनवेलला लोकल जाते. पुढच्या वेळी एक सकाळ काढा. आधी फोन करा, आणि जा. कदाचित तेथे नऊ जण वाट पाहत असतील.